आधी बुटके, शेवटी मिस्टर गुप्ते

"हॉल बुक करणं म्हणजे काही ऑपरेशन नव्हे," असं मिस्टर गुप्ते म्हणाले, तेव्हाच शशीकाकांनी हात वर करून नको म्हणायला हवं होतं. हात त्यांनी वर केलाही. पण तोंडातून शब्द फुटायच्या आत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी हॉल बुक करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं.

शशीकाका म्हणजे डॉक्टर शशी वर्तक. उभा जन्म त्यांनी हॉस्पिटलात लोकांना भूल देण्यात घालवला. भूल देणाऱ्याच्या नशिबी काय असतं ते त्यालाच ठाऊक. माणसाला झोपवायचं, झोपेत त्याचा श्वास राखत उशाशी बसून राहायचं, वेळेवर उठवायचं, आणि डोळे उघडल्यावर त्या माणसाने विचारायचं, "सर्जनसाहेब कुठे आहेत? त्यांचे आभार मानायचे होते."

इंग्लंडात सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात, आणि तो मोठा मान समजतात. अजय गुप्ते हाडांचे सर्जन, म्हणून ते आपल्या सगळ्या लोकांचे मिस्टर गुप्ते. उंच, रुंद, आणि आवाज असा की दोन घरं पलीकडच्या माणसाला वाटावं आपल्यालाच हाक मारली. मंडळाचे अध्यक्ष तेच, आरतीचं तबक आधी त्यांच्या हातात, जेवणाचं पहिलं ताट त्यांना, आणि उन्हाळ्यातल्या क्रिकेटमध्ये ओपनिंगलाही तेच. शशीकाका अकराव्या नंबरला. तेही अकरावा कोणी मिळाला नाही तर.

तर काम साधं होतं. लार्कमेडो पार्कच्या कडेला एक जुनं पॅव्हिलियन आहे, बाहेर हिरवळ, आत स्वयंपाकघर. शशीकाकांनी एक फोन केला, गणपतीचा शनिवार सांगितला, ईमेलवर पावतीही आली. त्या रात्री ते जेवताना अलकाकाकूंना म्हणाले, "बघ, लोक उगाच बाऊ करतात." माणसाने असं बोलू नये. बोलायचंच असलं तर जेवण झाल्यावर बोलावं, निदान घास तरी गोड लागतो.

पुढच्याच आठवड्यात पार्क सांभाळणाऱ्या ट्रस्टमधून पॉलीनबाईंचा फोन आला. त्याच शनिवारी तेच पॅव्हिलियन तिथल्या बेसबॉल क्लबनेही वार्षिक जेवणासाठी घेतलं होतं.

"पण मला पावती आली आहे," शशीकाका म्हणाले.

"त्यांनाही आली आहे, लव्ह," बाई म्हणाल्या. इथे अनोळखी माणसालाही लव्ह म्हणायची रीत आहे. "सिस्टिम दोघांनाही हो म्हणते आहे."

"मग आधी कोणी मागितलं?"

"सिस्टिमला ते आठवत नाही. तुम्ही तुमच्यात ठरवा आणि महिन्याभरात कळवा. नाहीतर सिस्टिम दोघांनाही कॅन्सल करील, आणि तेव्हा मग माझ्याही हातात काही नसेल."

आजवर काय होतं तुमच्या हातात, हे शशीकाकांच्या जिभेवर आलं होतं. पण ते गिळायची सवय त्यांना होती.

बातमी मंडळात पसरली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडली, मग रडकी तोंडं पडली, मग मिस्टर गुप्त्यांचा निरोप पडला: "काळजी नको. माझं गॅरेज आहे की! अंडरफ्लोअर हीटिंग आहे."

शशीकाकांनी तो निरोप दोनदा वाचला. ते गॅरेज त्यांनी पाहिलं होतं. गणपती एकदा त्या गॅरेजात गेला की बाहेर यायचा नाही. दरवर्षी तिथेच बसणार, आणि दरवर्षी आरतीनंतर मिस्टर गुप्ते घसा साफ करून सांगणार, "त्या वर्षी शशीने हॉलचा घोळ घातला, तेव्हापासून बाप्पा आपल्याकडे." नवीन आलेली पोरं विचारणार, शशी कोण? मग सगळे दाराजवळ चपला सांभाळत उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवणार. मंडळाने आयुष्यात पहिल्यांदा एक काम दिलं, तेही धड झालं नाही, हीच ओळख कायमची चिकटणार.

शशीकाका उठले आणि बेसबॉल क्लबच्या कप्तानाला भेटायला गेले.

कीथ नावाचा हा कप्तान बॉयलर दुरुस्त करायचा. अंगाने बॉयलरएवढाच, पण स्वभावाने गरीब. गुप्ते हे नाव कानावर पडताच त्याने पँट वर करून गुडघाच दाखवला. "मिस्टर गुप्तेंनी केलेला! देवमाणूस! पाच वर्षं झाली, एक दिवस दुखला नाही."

गुडघ्यावरची ती शिवण शशीकाकांनी ओळखली. त्या ऑपरेशनला ते सबंध वेळ कीथच्या उशाशी बसले होते. "मीही होतो त्या दिवशी," ते म्हणाले.

"हो?" कीथने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही नर्स होता का?"

अपमान गिळायलाही एक माप असतं. ते त्या क्षणी भरलं. कीथ बिचारा पुढे म्हणत होता, की नाणं उडवून ठरवू, नाहीतर एक मॅच खेळू, जो जिंकेल त्याचा शनिवार, तेवढीच मजा. अर्थात खेळ बेसबॉल, तुम्हाला झेपणार नाही, तेव्हा नाणंच बरं.

"मॅच खेळू," शशीकाका म्हणाले.

घरी येताना बसमध्ये त्यांच्या लक्षात आलं, की बेसबॉल म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक नाही.

आता ज्याला त्याला सल्ले सुचू लागले. शेजारचे बलबीरसिंग कुंपणावरून म्हणाले, "डॉक्टरसाब, बॉल को आँख दिखाओ, बॉल डर जाएगा." पलीकडच्या ब्रेंडाबाई म्हणाल्या, "ते तर राऊंडर्स! आम्ही शाळेत मुली मुली खेळायचो." हे ऐकल्यावर मंडळातल्या पुरुषांना एकदम जोर चढला, आणि मुली खेळतात ते आपल्याला काय कठीण, असं म्हणत सगळ्यांनी नावं दिली. खेळाडू तरी नऊच लागत होते, त्यातही मंडळाच्या नियमाप्रमाणे काकवा आणि मुली घ्यायच्याच होत्या.

खेळ समजावला ऋजुताने. ती पुण्याची, कंपनीने आधी अमेरिकेत ठेवून मग इकडे धाडलेली. अलकाकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर तिने चार वाट्या मांडल्या.

"काका, हे चार कोपरे. इथे उभं राहून बॅटने मारायचं, तीन कोपऱ्यांना फिरून परत घरी यायचं. आला की एक रन. बॉल टप्पा न पडता येतो. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून आला तर तो चांगला बॉल. चांगला सोडला, किंवा फिरवून हुकला, की चूक. तीन चुका झाल्या की आऊट."

"आणि पट्ट्याबाहेर आला तर?"

"तो वाईट बॉल. असे चार सोडले, की पहिल्या कोपऱ्यावर फुकट चालत जायचं."

"फुकट?" स्वयंपाकघरातून अलकाकाकूंचा आवाज आला. तेवढाच नियम त्यांनी ऐकला होता.

"आणि तिघं आऊट झाले की समोरच्यांची पाळी. मग पुन्हा आपली आली, की क्रम पहिल्यापासून नाही हं, जिथे तुटला तिथून पुढे. नववा झाला की परत पहिला. गोल फिरत राहायचं."

हे शेवटचं कोणाच्याच डोक्यात शिरलं नाही. आपण क्रिकेटची माणसं. चांगले आधी, कच्चे शेवटी, आणि शेवटच्यांची पाळी येऊच नये अशी प्रार्थना करायची, हे आपल्या रक्तात आहे. मिस्टर गुप्त्यांनी तिथल्या तिथे क्रम लावला. पहिले स्वतः. मग नागपूरचा यशोधन, मग प्रणव, असे ताकदीप्रमाणे उतरत उतरत आठव्या नंबरला शशीकाका आणि नवव्याला अलकाकाकू. काकू उंचीने एवढ्याशा. वरच्या फडताळातला डबा काढायला त्यांना खुर्ची लागते, आणि ती खुर्ची धरायला शशीकाका, कारण त्यांचाही हात तिथे पोचत नाही.

सरावासाठी कीथने आपली शाळकरी पोरांची टीम दिली. त्या पोरांनी मंडळाची जी धुलाई केली ती सांगण्यात अर्थ नाही. मिस्टर गुप्त्यांनी प्रत्येक बॉलवर बॅट अशी फिरवली की वाऱ्याने प्रणवचा चष्मा हलला. बॉल मात्र एकदाही हलला नाही. परत येताना गाडीत मिस्टर गुप्ते म्हणाले, "गॅरेजमधला फ्रीज मी रिकामा करून ठेवतो."

शशीकाका गप्प होते, पण ते नेहमीच गप्प असत, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. जन्मभर त्यांनी एकच काम केलं होतं. दुसरे धावपळ करत असताना कोपऱ्यात बसून बघत राहायचं, आणि काय बदललं ते सगळ्यांच्या आधी ओळखायचं. आजही त्यांनी बघितलं होतं. सबंध टीममध्ये पहिल्या कोपऱ्यावर एकच माणूस पोचलं होतं, आणि प्रत्येक वेळी पोचलं होतं. अलकाकाकू.

संध्याकाळी काकू भेंडी चिरायला बसल्या. इथे सांगायला हवं, की फोल्सहिल रोडवरचा भाजीवाला काकूंना लांबून येताना पाहिला की भेंडीची पेटी आत सरकवतो. कारण काकू एकेक भेंडी उचलतात, शेंड्याला अंगठा लावतात, टचकन मोडली तर पिशवीत, वाकली तर परत. घाई नाही, लाज नाही. मागे रांग लागली तर रांगेलाच भेंडी कशी निवडावी ते शिकवतात.

"अगं, तू बॅट फिरवलीच नाहीस आज," शशीकाका म्हणाले.

"काय फिरवायचं? चांगला एक तरी होता का त्यात? कुठे डोक्यावरून, कुठे खांद्यावरून. समोरचा देतो म्हणून घ्यायचं का?"

शशीकाकांनी भेंडीचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "जरा उभी राहा." काकू उभ्या राहिल्या. काकांनी फडताळातली पट्टी आणली आणि तिच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत धरली.

"हे काय चाललंय या वयात?"

"अलका, हा पट्टा पोळपाटाएवढा आहे. ते पोर उंच लोकांना बॉल टाकायला शिकलंय. त्याला हा सापडतच नाही!"

दुसऱ्या दिवशी बैठकीत शशीकाकांनी आपला क्रम सांगितला. शाळेत प्रार्थनेला उभे करायचे तसा, उंचीप्रमाणे. सगळ्यांत बुटकं माणूस पुढे. पहिल्या अलकाकाकू, दुसरे स्वतः शशीकाका, तिसऱ्या मिस्टर गुप्त्यांच्या अर्चनाकाकू, मग वैभवी आणि वरदा या मंडळातल्या पोरी, ऋजुता, प्रणव, यशोधन. पुढच्या चौघांनी बॅट खांद्यावरून खाली घ्यायची नाही. फक्त बघायचं.

"आणि मी?" मिस्टर गुप्त्यांनी विचारलं.

"तू नववा."

"मी? शेपटाला?" मिस्टर गुप्त्यांचा चेहरा टोमॅटोच्या साराच्या रंगाचा झाला. "शशी, ओपनिंगला मी जातो हे शेंबड्या पोराला माहीत आहे. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

माणूस जन्मभर गप्प बसला की त्याच्याकडे बोलायला बरंच साठलेलं असतं. "अजय," शशीकाका म्हणाले, "ऑपरेशन थिएटरमध्ये आधी कोण यायचं? मी यायचो. आम्ही सगळं तयार करायचो, पेशंट झोपला, दिवे लागले, सगळं शांत झालं, की मग दार उघडून कोण यायचं?"

"मी," मिस्टर गुप्ते म्हणाले.

"सर्जनला कोणी आधी बोलावतं का? आम्ही चौघं कोपरे भरून ठेवतो. सगळी तयारी झाल्यावर तू ये."

मिस्टर गुप्त्यांनी कॉलर नीट केली. मग म्हणाले, "तसं असेल तर ठीक आहे." आणि अर्चनाकाकू हळूच अलकाकाकूंच्या कानात म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत मला हे जमलं नाही हो."

एवढ्यावर भागलं असतं, पण पॉलीनबाईंचा फोन आला. साठीच्या पुढची माणसं खेळणार तर धोक्यांचा तपशील लिहून द्यावा लागेल. शशीकाकांनी लिहिलं, धोका: बॉल. उपाय: बॉलपासून लांब राहणे. बाईंनी विचारलं, लांब राहिलात तर खेळणार कसे? शशीकाका म्हणाले, तीच तर आमची युक्ती आहे. ते बाईंना पटेना. शेवटी त्यांनी भूल देण्याआधी लिहितात तसं लिहून दिलं, की सर्व धोके समजावून सांगितले असून नातेवाइकांची संमती आहे. मग हेल्मेट. ते अलकाकाकूंच्या अंबाड्यावर बसेना, टोपी घातलेल्या नारळासारखं वर डुगडुगत राहिलं. अंबाडा सोडायला काकू तयार नाहीत, हेल्मेट सोडायला पॉलीनबाई तयार नाहीत. वेणी घालायची, असा तह झाला, आणि काकू कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदा दोन वेण्या घालून मैदानात आल्या. बघून शशीकाकांनी पॉलीनबाईंचे मनातल्या मनात आभार मानले.

मॅचच्या दिवशी ऊन होतं, आणि ऑगस्टातलं ऊन कॉव्हेंट्रीत पडलं की लोक मॅच नसली तरी बाहेर येतात. बलबीरसिंग खुर्ची घेऊन आले, ब्रेंडाबाई लिंबाचा केक घेऊन आल्या. अंपायर मिसेस हॉब्स, शाळेच्या निवृत्त बाई, खडूच्या रेघेसारख्या सरळ. कीथने पाहुणचार म्हणून प्रत्येक फेरीत मंडळाला नंतर बॅटिंग दिली.

आपला बॉल टाकायला यशोधन होता. याची एक वेगळीच कहाणी. मंडळाच्या क्रिकेटमध्ये त्याची बॉलिंग बंद केली होती, कोपर वाकतं म्हणून. बिचारा दोन उन्हाळे नुसता स्कोअर लिहीत बसला होता. इथे कळलं, की बेसबॉलमध्ये कोपर वाकवूनच फेकायचं असतं. त्या पोराने असा काही बॉल फेकला की कीथचे निम्मे लोक बॅट हातात घेऊन नुसते फोटोला उभे राहिल्यासारखे राहिले.

मग आमची पाळी. अलकाकाकू वेण्या मागे टाकून उभ्या राहिल्या. कीथ स्वतः टाकत होता. पहिला बॉल त्यांच्या डोक्यावरून गेला. काकूंनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं, वाकलेली भेंडी परत ठेवावी तसं, आणि म्हणाल्या, "नको." दुसरा, "नको." कीथने खाली टाकायला बघितला, तो मातीत पडला. "हा तर मुळीच नको." चौथ्याला मिसेस हॉब्सनी पहिल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, आणि काकू पिशवी घेऊन दुकानातून निघाव्या तशा चालत निघाल्या.

मागून शशीकाका. फुकट. मागून अर्चनाकाकू. फुकट. कोपरे भरले. वैभवीही फुकट गेली, आणि जागा द्यायला एकेक जण पुढे सरकत अलकाकाकू घरी आल्या. मंडळाची पहिली रन! बॅटला बॉल अजून लागलेला नव्हता. बाहेर ढोल आणला होता तो वाजला, आणि बलबीरसिंग खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "ये कौन सा खेल है, भई? कोई मारता नहीं, और रन बनते हैं!"

पण कीथ काही कच्चा नव्हता. वेग कमी करून त्याने पट्टा शोधायला सुरुवात केली. इकडे यशोधनचा हात दुखायला लागला आणि त्यांची माणसं मारायला लागली. आमचं नववं शेपूट तर दोनदा आलं आणि दोनदा वारा घालून गेलं. पाचवी फेरी शेवटची ठरली होती. ती आली तेव्हा आम्ही एका रनने मागे होतो.

त्या फेरीत क्रम वैभवीपासून पुढे सुरू झाला. वैभवी आऊट. वरदा फुकट गेली. ऋजुताने अमेरिकेची आठवण ठेवून एक सणसणीत मारला आणि पहिला कोपरा गाठला, वरदा दुसऱ्यावर. प्रणव आऊट. आता आणखी एक गेला की गणपती गॅरेजात. यशोधन उभा राहिला आणि कीथचा बॉल सुटून थेट त्याच्या कोपरावर बसला. नियमाप्रमाणे त्याला कोपरा मिळाला. ज्या कोपराने त्याला दोन वर्षं बाकावर बसवलं, त्याच कोपराने शेवटी उपकार फेडले. तिन्ही कोपरे भरले.

आणि मिस्टर गुप्ते आले. बॅट अशी धरली होती, जणू मोडलेलं हाड समोर आहे आणि हातोडी आपल्याकडे.

पहिला बॉल खांद्याच्या वरचा. मिस्टर गुप्त्यांनी फिरवली. हुकला. दुसरा आणखी वरचा. पुन्हा फिरवली. हुकला. आता एक चूक उरली.

शशीकाका तिसऱ्या कोपऱ्याशी, सल्ला देणारा माणूस उभा राहतो तिथे उभे होते. "अजय!" ते ओरडले. ते ओरडू शकतात हे मंडळाला त्या दिवशी कळलं. "दिसलं म्हणून कापायचं नसतं!"

मिस्टर गुप्त्यांनी वळून पाहिलं. हॉस्पिटलात त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. पण पुढचा बॉल त्यांनी सोडला. त्याच्या पुढचाही सोडला. त्याच्याही पुढचा सोडताना त्यांच्या मानेची शीर उडत होती, हात शिवशिवत होते, आणि अर्चनाकाकूंनी डोळ्यांवर पदर घेतला होता. तीन वाईट, दोन चुका. आता एकाच बॉलवर सगळं.

मित्राची ती उडणारी शीर पाहिली आणि शशीकाकांच्या तोंडातून सवयीने शब्द बाहेर पडले. तेच, जन्मभर रोज म्हटलेले, त्याच हळू, जड, मऊ आवाजात, इंग्रजीत: "डीप ब्रेथ. नाइस अँड स्लो. काउंट बॅक फ्रॉम टेन."

ते बोलले मिस्टर गुप्त्यांना. पण ऐकलं कीथने. हात वर नेता नेता तो थबकला. त्याचे खांदे खाली आले. ओठ हलले. "टेन... नाइन..." पापण्या जड झाल्या, आणि बॉल त्याच्या हातातून पिकलं पान गळावं तसा सुटून भलतीकडे गेला.

चौथा वाईट. मिस्टर गुप्त्यांनी बॅट फिरवली नव्हती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक ऑपरेशन टाळलं होतं, आणि त्यामुळे पेशंट वाचला. वरदा घरी आली. बरोबरी!

आणि मग ऋजुताने सांगितलेलं ते शेवटचं, कोणाच्या डोक्यात न शिरलेलं, सगळ्यांना एकदम कळलं. नववा झाला की पुन्हा पहिला. शेपटाला लागून डोकं आलं. दोन वेण्यांवर हेल्मेट घालून अलकाकाकू उभ्या राहिल्या.

कीथ डोकं झटकून जागा झाला होता आणि पुरता शहाणाही झाला होता. ही बाई मारत नाही. मग जोर कशाला? त्याने हळू, अगदी पट्ट्याच्या मधोमध टाकला. काकूंनी पाहिला आणि सोडला. एक चूक. पुन्हा तसाच टाकला. पुन्हा सोडला. दोन. कीथच्या माणसांनी हात खिशात घातले. एकजण ब्रेंडाबाईंच्या केककडे बघत होता.

सगळं मंडळ ओरडत होतं, "काकू, मारा!" मिस्टर गुप्त्यांचा आवाज सगळ्यांत वर होता, "वहिनी, फिरवा!" एकटे शशीकाका गप्प होते. त्यांनी बायकोच्या हाताकडे पाहिलं. अंगठा बॅटच्या दांड्यावर हळूच दाबून बघत होता. तो अंगठा त्यांच्या ओळखीचा होता.

तिसरा बॉल आला. काकूंनी बॅट पुढे केली. टचकन आवाज झाला.

बॉल काही फार लांब गेला नाही. कीथच्या बाजूने सरपटत, खिशात हात घातलेल्या दोघांच्या मधून निवांत निघून गेला. हात खिशातून बाहेर येईपर्यंत ऋजुता घरी पोचली होती. पण काकू पहिल्या कोपऱ्यावर पोचल्याशिवाय ती रन धरत नाहीत, आणि काकू बॅट नीट कुठे ठेवावी ते बघत होत्या. "पळा!" सगळे किंचाळले. काकूंनी बॅट गवतावर आडवी ठेवली आणि पळाल्या. दोन वेण्या उडवत, अशा पळाल्या की त्यांना पळताना बघून शशीकाकाही इकडे जागच्या जागी पळायला लागले. पाय कोपऱ्यावर पडला, मग बॉल आला.

ढोल फुटायचाच राहिला. मिस्टर गुप्त्यांनी शशीकाकांना चक्क उचललं, आणि पेशंटला टेबलावर ठेवावं तसं जपून खाली ठेवलं.

"हाच कसा मारलास?" काकांनी नंतर विचारलं.

"कोवळा होता," काकू म्हणाल्या.

गर्दीतून वाट काढत कीथ आला. हरल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तो शशीकाकांसमोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ते तुम्ही होता. तो आवाज! सिक्सपर्यंत पोचलो होतो मी त्या दिवशी, पुढचं काही आठवत नाही. पण जाताना भीती वाटली नव्हती, ते आठवतंय." आणि त्याने शशीकाकांचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला. काकांना चष्मा पुसायचं काम अचानक निघालं.

गणपती पॅव्हिलियनमध्येच बसला. शशीकाकांनीच सुचवलं म्हणून क्लबचं वार्षिक जेवणही त्याच दिवशी तिथेच झालं, मोदक आणि लिंबाचा केक एका ताटात. पॉलीनबाई आल्या आणि म्हणाल्या, सिस्टिमचं बरोबरच होतं म्हणायचं. गुप्त्यांच्या गॅरेजात त्या दिवशी जास्तीच्या खुर्च्या होत्या, गरम फरशीवर.

आरतीची वेळ झाली. सवयीने तबक अध्यक्षांपुढे आलं. मिस्टर गुप्त्यांनी ते घेतलं नाही. "रांग लावा," ते म्हणाले, आणि तो आवाज पार्कच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. "उंचीप्रमाणे! मी शेवटी."

तबक आधी अलकाकाकूंच्या हातात गेलं, मग शशीकाकांच्या. ते तबक हातात धरून एवढा वेळ उभे राहिले की मागून अर्चनाकाकूंना खाकरावं लागलं. रांगेच्या शेवटी, मिस्टर गुप्त्यांच्या शेजारी, कपाळाला कुंकू लावून कीथ उभा होता. त्याच्या क्लबमधल्या एकाने विचारलं, तो पुढचा छोटासा गृहस्थ कोण?

"तो?" कीथ म्हणाला. "त्याने मला झोपवलं. आणि त्याच्या पुढे उभी आहे ना, तिने जागं केलं."